गाडीतल्या तीन गोळ्या

१

तेरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास चष्मेवाल्याच्या छातीत कळ आली. दुकान नुकतंच उघडलं होतं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या नाकावर तो फ्रेम बसवून पाहत होता. रुग्णवाहिका लगेच आली. गाडीतल्या सिस्टरनं दहा बावीसला त्याच्या जिभेखाली एक गोळी ठेवली, पाच मिनिटांनी दुसरी आणि आणखी पाच मिनिटांनी तिसरी. कळ जागची हलली नाही. वाटेत रस्ता खोदून ठेवलेला होता, त्यामुळे रुग्णालय गाठायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्याची बायको त्याचा हात धरून बसली होती आणि सिस्टर दर दोन मिनिटांनी सांगत होती, की आता थांबेल.

रुग्णालयात डॉक्टरांनी त्याच औषधाची, तेवढ्याच ताकदीची चौथी गोळी दिली. तीन मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावरचा पीळ सुटला. डोकं ठणकतंय, असं तो म्हणाला. हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं. छातीतली कळ कमी होते, रक्तदाब थोडा उतरतो आणि पुष्कळदा डोकं दुखतं. त्या डोकेदुखीनं डॉक्टरांना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं: गाडीतल्या तीन गोळ्यांनी डोकं दुखलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाला गेला. हृदयाचा फार मोठा भाग आधीच निकामी झाला होता. गाडीतल्या गोळ्या लागू पडल्या असत्या तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की तो चाळीस मिनिटं कळवळला नसता.

सोळा तारखेला त्याच्या बायकोनं रुग्णवाहिका केंद्रात जाऊन तक्रार दिली. तिची तक्रार एका वाक्याची होती. "दवाखान्यातली एक गोळी लागू पडते आणि गाडीतल्या तीन पडत नाहीत, मग गाडीत तुम्ही खडू ठेवता का?"

केंद्रप्रमुखांनी त्या गाडीतल्या उरलेल्या गोळ्या डबीसकट सरकारी प्रयोगशाळेत पाठवल्या. अहवाल आला: गोळीत शंभर भाग औषध हवं, तिथं अकरा भाग आहे. त्याच संध्याकाळी सिस्टर निलंबित झाली.

२

प्रयोगशाळेतल्या परीक्षक बाईंना चौकशीसाठी बोलावणं आलं ते केवळ अहवालावरची सही आपलीच आहे, हे सांगण्यापुरतं. सोबत केंद्रप्रमुखांचं आरोपपत्र जोडलेलं होतं. त्यात लिहिलं होतं, की प्रयोगशाळेनं गोळ्या बनावट ठरवल्या आहेत. सिस्टरच्या भावाचं औषधांचं दुकान आहे. गाडीच्या पेटीची किल्ली तिच्याकडे असते. सबब तिनं खऱ्या गोळ्या काढून खोट्या ठेवल्या.

बाईंनी आपला अहवाल पुन्हा वाचला. त्यात बनावट हा शब्द नव्हता. गोळ्यांवर कंपनीचा छाप होता, वजन बरोबर होतं, भुकटीत जे असायला हवं ते सगळं होतं. फक्त औषध नव्हतं. आपल्या आकड्याच्या गळ्यात दुसऱ्यानं शब्द बांधलेला बाईंना खपत नसे. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली.

केंद्रप्रमुखांना सगळे टापटीप साहेब म्हणत आणि ते त्यांना स्तुती वाटे. खोलीत भिंतभर प्रमाणपत्रं होती. टेबलावर पेन्सिली उंचीनुसार लावलेल्या होत्या. प्रत्येक वस्तूवर छापील चिठ्ठी होती: स्टेपलर, पाणी, पंख्याचं बटण. कचऱ्याच्या डब्यावरही 'कचरा' असं लिहिलं होतं, जणू कोणी त्यात जेवायला बसेल अशी भीती होती. साहेब हसतमुख होते. स्वतःच्या बोलण्याला स्वतःच मान डोलावून पाठिंबा द्यायची त्यांना सवय होती.

त्यांनी सांगितलं, की केंद्रात चार गाड्या आहेत. तीन नव्या आणि एक म्हातारी. दोन महिन्यांपूर्वी वरून पाहणी व्हायची होती, तेव्हा तीन नव्या गाड्यांत त्यांनी आदर्श पेटी बसवली. पेटीत फोमचे कप्पे, प्रत्येक औषधाला बेताची जागा. म्हातारीत ती पेटी मावत नाही, म्हणून तिच्यात अजून जुनी कापडी पिशवीच आहे, याची त्यांना लाज वाटत होती. पाहणीत केंद्राचा पहिला क्रमांक आला. ते प्रमाणपत्र त्यांनी बोटानं दाखवलं.

"आणि आता तक्रार आल्याबरोबर, म्हणजे सोळा तारखेला, मी सगळ्या गाड्यांत सीलबंद बाटल्या ठेवल्या," ते म्हणाले. "पुन्हा कुणाला हात मारता येणार नाही. पाहा मॅडम, यंत्रणा चांगली असते. माणूस खोटा निघतो, त्याला आपण काय करणार?"

बाईंनी विचारलं, की आधी गोळ्या कशात होत्या.

साहेबांनी पेन्सिली सरळ केल्या. त्या सरळच होत्या. मग त्यांना एकाएकी बैठकीची आठवण झाली.

३

सिस्टरच्या घरी दार तिच्या सासूनं उघडलं. तुम्ही पोलीस का, असं तिनं विचारलं आणि नाही म्हटल्यावर थोडी नाराज दिसली. तिला पोलिसांना काही ऐकवायचं होतं.

सिस्टर गणवेश इस्त्री करत होती. निलंबित बाईनं गणवेश इस्त्री करणं विचित्र होतं, पण घरात कुणी तसं म्हणत नव्हतं. तिनं जे सांगितलं ते नीट, मोजून सांगितलं. सोमवारी चौकशी आहे. दोषी ठरले तर नोकरी जाईल, परिचारिकेचा परवाना जाईल आणि प्रकरण पोलिसांत जाईल. भावाच्या दुकानात दोनदा तपासणी झाली, काही सापडलं नाही. पण गिऱ्हाइकं आत यायच्या आधी आता बाहेर थांबून विचार करतात.

सासू मध्येच म्हणाली, "ही आणि चोरी? अहो, शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर ही मोजून परत करते. चार दाणे जास्तच. हिला चोरी जमली असती तर आमचं घर असं असतं का?"

"आई, तुम्ही थांबा जरा," सिस्टर म्हणाली.

बाईंनी विचारलं, की गोळ्या चालत नाहीत हे आधी कधी जाणवलं होतं का. सिस्टरनं इस्त्री उभी केली. हो, ती म्हणाली. सुरुवातीला एखाद-दुसरा. मोठ्या झटक्यात कधी कधी गोळीनं कळ जात नाहीच, हे तिला शिकवलेलं होतं, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. मग जास्त जण होऊ लागले. तिनं साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तिला रुग्णाशी गोड बोलण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

"आणि मी गेले," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं, माझंच काही चुकतंय. गोड बोलायला शिकले. त्या माणसाला तीच वाक्यं म्हणत होते मी. आता थांबेल, आता थांबेल."

सासूनं तोंड फिरवलं. बाईंनी आणखी एकच प्रश्न विचारला: ती नेहमी त्याच गाडीवर असायची का? नेहमी, सिस्टर म्हणाली. इतर दोन नव्या गाड्यांची किल्ली तिच्याकडे कधीच नव्हती.

४

रुग्णालयात डॉक्टरांनी दोन महिन्यांतली कागदपत्रं बाईंसमोर ठेवली. छातीतल्या कळेचे सगळे रुग्ण, कोणत्या गाडीनं आले, गोळीआधी रक्तदाब किती, गोळीनंतर किती. बाईंनी ती गाडीनुसार आणि तारखेनुसार लावली.

म्हातारीतून आलेल्यांचा रक्तदाब गोळीनंतर दर वेळी उतरत होता. नव्या गाड्यांतून आलेल्यांचा पहिल्या आठवड्यात उतरला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कमी उतरला. सहाव्या आठवड्यापासून जवळजवळ हललाच नाही. तिन्ही नव्या गाड्यांत हीच गत होती. सिस्टरनं ज्यांना हातही लावला नव्हता त्या दोन गाड्यांतही.

"चोर एका दिवशी येतो," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "हे रोज थोडं थोडं गेलंय."

तिथून त्या केंद्राच्या आवारात गेल्या. म्हातारीचा चालक चाक धूत होता. त्याला केंद्रात कुणी विचारत नसे, म्हणून कुणी विचारलं की तो खूप सांगे. त्यानं नवी गाडी उघडून दिली. आदर्श पेटी खरोखर सुंदर होती. प्रत्येक कप्प्यात जी ती वस्तू घट्ट बसलेली. फक्त एका चौकोनी कप्प्यात तपकिरी काचेची गोल बाटली होती आणि ती खडखडू नये म्हणून तिला गॉजमध्ये गुंडाळलेलं होतं. बाटलीवर साहेबांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी होती. केंद्राचा तो नियमच होता: बाटली गाडीत ठेवली की तारीख आणि वेळ लिहायची. बाईंनी ती चिठ्ठी उतरवून घेतली. शेजारच्या नव्या गाडीतल्या बाटलीवरचीही घेतली.

मग त्यांनी चौकोनी कप्प्याकडे बोट केलं आणि इथं आधी काय होतं, असं विचारलं.

डबी, चालक म्हणाला. पारदर्शक प्लास्टिकची, खणांची, आत कापूस घातलेली. साहेबांनीच निवडली. बाटली पेटीत आडवी पडते, बरी दिसत नाही, म्हणून सगळ्या गोळ्या बाटल्यांतून काढून डब्यांत भरल्या. "आमच्या म्हातारीचं नशीब फुटकं," तो म्हणाला, "तिला तेवढी शोभा काही मिळाली नाही."

केंद्राचा फार्मासिस्ट मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. डब्यांचा विषय निघताच त्यानं चष्मा पुसायला घेतला. मला काही आठवत नाही मॅडम, असं तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला. बाईंनी त्याची गय केली नाही. शिकलेल्या माणसाचं गप्प बसणं त्यांना अडाण्याच्या बडबडीपेक्षा घाणेरडं वाटे.

५

सिस्टरच्या गाडीतली डबी प्रयोगशाळेतच होती. नमुना तिच्यातूनच आला होता आणि नमुन्याची पिशवी कुणी तपासत नाही, तशी ती कुणी तपासली नव्हती.

बाईंनी तिच्यातला कापूस काढला. डबीचे बारीक तुकडे केले. कापूस एका भांड्यात आणि प्लास्टिक दुसऱ्या भांड्यात द्रावकात भिजत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही द्रावणं यंत्रावर तपासली. कागदावर रेघ सरळ चालली होती. ठरल्या जागी ती उठली आणि शिखर करून खाली आली. कापसात औषध होतं. प्लास्टिकमध्ये त्याहून कितीतरी जास्त होतं.

ही गोळी बंद काचेच्या बाटलीतच ठेवायची असते, कारण तिच्यातलं औषध हळूहळू उडतं. प्लास्टिक आणि कापूस ते शोषून घेतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत आणखी लवकर. बाटलीबरोबर जो कागद येतो त्यावर हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ज्या केंद्रात कचऱ्याच्या डब्यावर 'कचरा' लिहितात तिथं तो कागद कुणी वाचला नव्हता.

चोर सापडला होता. तो पारदर्शक होता आणि चोरीचा माल अजून त्याच्या अंगात होता.

सिस्टर सुटेल, एवढं आता नक्की झालं. बाई हात धुवायला उठल्या आणि हात ओले असतानाच परत येऊन टेबलाशी बसल्या. प्रयोगशाळेत एकच डबी आली होती. गाड्या तीन होत्या. त्यांनी आवारात उतरवून घेतलेल्या दोन चिठ्ठ्या काढल्या. मग चष्मेवाल्याचा रुग्णवाहिकेतला कागद काढून त्यांच्या शेजारी ठेवला.

ही नुसती चूक नव्हती. चूक सात आठवडे होती. शेवटचा दिवस वेगळा होता.

६

चौकशीला वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी बसले होते आणि त्यांना ती जेवणाआधी उरकायची होती. बाईंनी डबीचं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, की म्हणजे दोष कुणाचाच नाही. साधी तांत्रिक बाब आहे. टापटीप साहेबांनी लगेच मान डोलावली. त्यांनी खेदही व्यक्त केला. तो लिहून आणलेला होता.

"इतर दोन डब्या कधी काढल्या?" बाईंनी विचारलं.

सोळा तारखेला, साहेब म्हणाले. तक्रार आल्यावर.

बाईंनी उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. दोन नव्या गाड्यांतल्या बाटल्या. गाडीत ठेवल्याची तारीख तेरा. वेळ दहा वाजून पाच मिनिटं आणि दहा वाजून सात मिनिटं. अक्षर साहेबांचं.

साहेब म्हणाले, की तारीख लिहिताना गफलत झाली असेल.

"तुमची?" बाई म्हणाल्या.

म्हातारीचा चालक दाराशी साक्षीला उभा होता. त्याला विचारलं. तेरा तारखेला सकाळी दोन नव्या गाड्या आवारात होत्या, साहेब स्वतः येऊन डब्या घेऊन गेले, असं त्यानं सांगितलं. तिसरी गाडी नुकतीच बाहेर पडली होती. चष्मेवाल्याकडे.

आता सगळ्यांनी फार्मासिस्टकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. त्याला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी साडेनऊला नवा माल आला, तो म्हणाला. बाटलीबरोबरचा कागद त्यानं पहिल्यांदा नीट वाचला. पावणेदहाला तो साहेबांकडे गेला आणि डब्यांतल्या गोळ्या निरुपयोगी झाल्या असतील, असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे आणखी कुणाला बोललास का?

"पुढे?" अधिकारी म्हणाले. आता ते घड्याळाकडे पाहत नव्हते.

"पुढे मी गप्प बसलो," फार्मासिस्ट म्हणाला.

बाईंनी शेवटचा कागद टेबलावर ठेवला. दहा पाचला साहेबांना माहीत होतं. पहिली गोळी दहा बावीसला दिली गेली. मध्ये सतरा मिनिटं होती आणि गाडीत वायरलेस होता. वाटेवर दुसरं सरकारी आरोग्य केंद्र होतं. तिथून बाटली घ्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच विस्कटला. तो राग होता, पश्चात्ताप नव्हे. वायरलेसवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, ते म्हणाले. बाहेर गेलं असतं तर लोकांत घबराट झाली असती, केंद्राचं नाव गेलं असतं. एका रुग्णासाठी सगळी यंत्रणा बदनाम करायची का? आणि तो तसाही वाचणार नव्हता, डॉक्टरांनीच सांगितलंय.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली सिस्टर बोलली.

"तो वाचणार नव्हता हे तुम्हाला दहा पाचला कुठं माहीत होतं?"

साहेबांनी उत्तरासाठी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी कागदांकडे पाहिलं.

७

साहेबांवर पुढे कारवाई करण्याचं ठरलं. तोवर सही करायचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला, कारण दुसऱ्याकडे द्यायला तीन शिक्के लागत होते. म्हणून सिस्टरला रुजू करून घेणारं पत्र त्यांच्याच खोलीत तयार झालं. कारकुनानं ते तिच्या हातात दिलं आणि अभिनंदन केलं. बाहेर सासू आणि भाऊ वाट पाहत बसले होते.

तिनं पत्र वाचलं. 'संशयाचा फायदा देऊन' तिला कामावर परत घेण्यात येत होतं.

ती म्हणाली, की हे तीन शब्द काढा.

कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, की ताई, ही पद्धतच असते, सगळ्यांना असंच देतात, नोकरी मिळाली ना? परीक्षक बाई दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी काही सुचवलं नाही. सुचवायची गरज नव्हती.

"माझ्या भावाच्या दुकानात कुणी संशयाचा फायदा घ्यायला येत नाही," सिस्टर म्हणाली. "आरोप खोटा होता असं लिहा. कुणी केला तेही लिहा. मग चष्मेवाल्यांच्या पत्नीला एक प्रत पाठवा. त्यांचा नवरा कशानं तळमळला हे त्यांना माझ्याकडून नाही, तुमच्या कागदावरून कळलं पाहिजे."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीकडे पाहत होते. अखेर त्यानं पत्र पुन्हा टंकलं. सिस्टर तेवढा वेळ उभी राहिली. तिनं खुर्ची घेतली नाही.

पत्र साहेबांपुढे गेलं. ते त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. आरोप खोटा होता. तो केंद्रप्रमुखांनी केला. औषध निकामी असल्याचं त्यांना आधी माहीत होतं. प्रत: मृताच्या पत्नीस.

त्यांनी पेन उचललं आणि थांबले. कारकुनाला जवळ बोलावलं. शेवटच्या परिच्छेदाचा समास थोडा आत गेलाय, ते म्हणाले, एवढं नीट करून आणा.

कारकून हात पुढे करणार तोच सिस्टर म्हणाली, "राहू दे वाकडं. सही करा."